सगळीकडं तेच

माझा राग नाकावर असतो. घरात, दवाखान्यात, थेट आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि मला त्याचा थोडाफार अभिमानही होता. एकच गोष्ट दोनदा विचारलेली मला खपत नाही. घाबरलेला माणूस तर त्याहून खपत नाही. कॉम्प्युटरसमोर बसून ज्याचा हात थरथरतो त्याला मी आधी हसते आणि मग शिकवते, अशी माझी पद्धत होती. ती पद्धत मी एका माणसावर इतकी यशस्वीपणे वापरली की त्याची नोकरी गेली. हे लिहायला धीर यायला फार वर्षं लागली, असं म्हणता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण दीडच वर्ष झालंय.

मी शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, एक चांगला एसी, एक बिघडलेला एसी, आणि आम्ही दोघं. दुसरे म्हणजे तेच, ज्यांची नोकरी गेली. ते माझ्या हाताखाली होते, पण वयानं माझ्या काकाच्या बरोबरीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला मॅडम. फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचे. तीस वर्षं याच दवाखान्यात काढलेली. सुरुवातीला टेलिफोनच्या बोर्डावर होते, बोर्ड गेला तसे लिफ्टवर आले, आणि मग कुणा साहेबानं ‘यांना बटणांची सवय आहे’ असं म्हणून त्यांना माझ्याकडं पाठवून दिलं. मी तेव्हा खूप चिडले होते. मला इंजिनिअर हवा होता.

पण माणूस पक्का होता. सांगितलेलं प्रत्येक काम शाळेतल्या दोनशे पानी वहीत लिहून घ्यायचा, तारीख टाकून, खाली रेघ मारून. एकदा जेवताना, डब्यातली भाकरी मोडता मोडता मला म्हणाले, “तीस वर्षांत एक मेमो नाय मला, मॅडम. लिफ्ट बंद पडायची, लोकं आत अडकायचे, पन मेमो नाय. तसंच जायचंय.” नोकरीतून त्यांना आणखी काही नको होतं. पगारवाढीबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. कोऱ्या पाटीनं घरी जायचं, एवढंच.

आमचं काम काय होतं ते सोप्या शब्दांत सांगते. दवाखान्यात तीन सर्व्हर होते, म्हणजे तीन मोठे कॉम्प्युटर. त्या एकेकाच्या पोटात आठ-दहा कॉम्प्युटर राहायचे, खरे नव्हे, नुसते मानलेले. एक केसपेपरचा, एक औषधांच्या साठ्याचा, एक एक्स-रेचा. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हॉस्टेलमध्ये पोरं राहावीत तशी ती एका सर्व्हरमध्ये राहतात, आणि कुणाला किती जागा, कुणाला किती वीज हे ठरवणारा जो रेक्टर असतो त्याला हायपरवायझर म्हणतात. आमच्या तीन सर्व्हरांवर तीन वेगवेगळ्या घराण्यांचे रेक्टर होते, कारण ते तीन वेगवेगळ्या काळात, तीन वेगवेगळ्या साहेबांनी घेतलेले. प्रत्येकाची भाषा निराळी. एकाला ‘चालू कर’ म्हणायचं तर हे शब्द, दुसऱ्याला ते. माझं डोकं पिकायचं, काकांचं तर विचारूच नका.

म्हणून मी एक टूलकिट बसवलं. फुकट मिळतं, जगभर वापरतात. ते मधे बसून दुभाष्याचं काम करतं. आपण त्याला एकाच भाषेत सांगायचं, आणि ते ज्याच्या त्याच्या भाषेत ज्याच्या त्याच्या रेक्टरला सांगतं. मशीन कुठल्याही सर्व्हरवर असो, हुकूम तोच. मला ते इतकं आवडलं की मी पेढे आणले होते. काकांना म्हणाले, “आता तीन वह्या नकोत. एकच वही, एकच शब्द, सगळीकडं तेच.” त्यांनीही आनंदानं नवी वही काढली आणि पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलं.

घोडं अडलं ते एका शब्दापाशी. मशीन साध्या सांगण्यानं बंद होत नसेल, लटकून बसलं असेल, तर त्याला झटक्यात बंद करण्यासाठी या टूलकिटमध्ये जो हुकूम आहे त्याचं नाव ‘डिस्ट्रॉय’. ज्यांनी ठेवलं त्यांनी काय विचार करून ठेवलं देव जाणे. त्यानं काहीही नष्ट होत नाही. नुसता प्लग ओढल्यासारखं होतं, पुन्हा ‘स्टार्ट’ म्हटलं की मशीन जिथल्या तिथं उभं. खरोखर पुसून टाकायचं असेल तर त्यासाठी अगदी वेगळा हुकूम आहे, आणि तो मी काकांना शिकवलाच नव्हता.

काका बारावी झालेले. डिस्ट्रॉयचा अर्थ त्यांना कळत होता. त्यांनी ‘डी’ दाबला आणि हात मागं घेतला.

“मॅडम, ह्यो शब्दच खराब हाय. असं कसं लिवू मी? पेशंटची मशीन हाय.”

“काका, शब्दाकडं बघू नका. त्याचा अर्थ इथं फक्त बंद.”

“पन लिवलंय तर नष्ट करा म्हनून.”

“म्हणून काय झालं? नुसतं नाव आहे ते.”

त्यांना पटेना. चार दिवस ते तो हुकूम आला की मला हाक मारायचे. पाचव्या दिवशी माझं डोकं सणकलं. प्रयोगासाठी मी एक रिकामं मशीन तयार केलं आणि त्यांना समोर बसवून दहा वेळा डिस्ट्रॉय, स्टार्ट, डिस्ट्रॉय, स्टार्ट करायला लावलं. लॅबमधली दोन माणसं दारात उभी राहून बघत होती. मी त्यांच्यासमोर म्हणाले, “बघा, आमचे काका लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढायचे, पण एका इंग्रजी शब्दाला भितात.” ते दोघं हसले. काकाही हसले, कसनुसं. दहाव्या खेपेला त्यांचा हात थांबला नाही. मग त्यांची वही मी ओढून घेतली आणि लाल पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं: डिस्ट्रॉय = फक्त बंद. घाबरायचं नाही. मग स्टार्ट.

मला तेव्हा फार छान वाटलं होतं. एका माणसाची भीती काढली म्हणून. आज मला त्याची लाज वाटते. त्या खोलीत तो शब्द नीट वाचणारा माणूस एकटाच होता, आणि मी त्याला तो वाचायचा नाही असं शिकवलं.

पुढं दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. काका इतके तयार झाले की मी सुट्टी घ्यायला लागले. एक्स-रेचं मशीन लटकलं की वरून फोन यायचा आणि मी पोचायच्या आत काकांनी ते उठवलेलं असायचं. लोक त्यांना ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणून चिडवायचे, आणि ते खोटं खोटं रागवायचे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. तिसरा सर्व्हर, सगळ्यात जुना, आमच्या दुभाष्याला अर्धाच जुमानायचा. त्याच्यावरची प्रणाली कंपनीनं फुकट दिलेली, म्हणून बाहेरच्या हुकमांना कुलूप लावलेली होती. त्यामुळं टूलकिटला तो आपल्या मशीनची यादी दाखवायचा, पण हुकूम घ्यायचा नाही. मला हे माहीत होतं. त्या सर्व्हरवर एकच कामाचं मशीन उरलं होतं, पॅथॉलॉजीच्या जुन्या रिपोर्टांचं. नवी व्यवस्था आली तेव्हा जुने रिपोर्ट तिच्यात हलवायचे राहून गेले होते. महिन्यातून कधीतरी कुणीतरी जुना नंबर घेऊन यायचं, तेव्हा ते उघडायचं. ते कधी लटकायचं नाही, म्हणून मी सांगायचं टाळत गेले. खरं तर टाळत नव्हते, मला त्याचं काही वाटतच नव्हतं.

काकांच्या निवृत्तीला आठ महिने होते. त्या दिवशी हर्सूलला माझ्या मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं आणि मी सुट्टी घेतली होती. दुपारी पंगत बसली. मी दुसरा घास घेते न घेते तोच फोन वाजला. उजवा हात उष्टा, म्हणून डाव्या हातानं उचलला.

काका म्हणाले, देवगाव रंगारीहून एक जण आलाय. सकाळपासून खिडकीशी उभा आहे. त्याच्या बायकोची गाठ काढायचीय दुसऱ्या दवाखान्यात, तिथल्या डॉक्टरांना पाच वर्षांपूर्वीचा आपल्याकडचा रिपोर्ट बघायचाय. जुनं मशीन उघडलं तर ते लटकलं. नेहमीचा हुकूम देतोय, तर सर्व्हर नाही म्हणतोय.

मला लगेच कळलं काय झालंय ते. मी म्हणाले, “त्याला टूलकिटमधून नाही चालत. थेट त्याच्या आत जा. पासवर्ड कपाटातल्या डायरीत आहे. आत गेलात की त्याच्या स्वतःच्या हुकमांची यादी येईल, त्यातून करा.”

“बरं,” म्हणाले आणि ठेवला. वाढपी जिलबी घेऊन आला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. मावशीनं माझ्याकडं बघितलं. शेजारी उत्सवमूर्ती ओटी भरून घेत होती, बायका गाणं म्हणत होत्या, मला नीट ऐकू येत नव्हतं आणि मी वैतागले होते.

“मॅडम, यादी आली. डिस्ट्रॉय हाय यात. म्या दिला, पन ते घेईना. मशीन चालू हाय म्हनतंय, आधी पॉवर ऑफ करा म्हनतंय. पॉवर ऑफ पन हाय यादीत.”

“मग करा ना ऑफ.”

“आन् मंग डिस्ट्रॉय? आन् मंग स्टार्ट?”

मी म्हणाले, “तेच हो काका. सगळीकडं तेच.” आणि फोन ठेवला.

जे आधीच बंद झालंय त्याला पुन्हा बंद कशाला करायचं? हा प्रश्न कुणालाही पडावा. काकांना पडला होता, म्हणून तर त्यांनी विचारलं. त्यांची भीती अजून पुरती गेली नव्हती, इतक्या दिवसांनीही तिनं त्यांना एकदा मागं ओढलं होतं. मी मात्र जिलबीकडं बघत उत्तर दिलं.

त्या जुन्या सर्व्हरच्या भाषेत डिस्ट्रॉय म्हणजे डिस्ट्रॉयच होतं. मशीन आणि त्याच्या पोटातलं सगळं, हार्ड डिस्कच्या तबकडीवरून पुसून टाका. त्यानं ‘खात्री आहे का’ एवढंसुद्धा विचारलं नाही. काकांनी पॉवर ऑफ दिला, मग डिस्ट्रॉय दिला, मग स्टार्ट दिला. तिसरा फोन आला तेव्हा मी हात धूत होते.

“मॅडम, स्टार्ट म्हनलं तर म्हनतंय असं मशीनच नाय. यादीत पन दिसंना.”

मी मोरीच्या कठड्यावरच बसले. “काही दाबू नका,” एवढंच म्हणाले आणि रिक्षा पकडली. पोचले तेव्हा काका खुर्चीत बसलेले नव्हते, खुर्चीमागं उभे होते. दोन्ही हात पाठीशी, चुकून बटणाला हात लागेल म्हणून.

त्या मशीनची दुसरी प्रत होती. ठेवायची जबाबदारी माझी होती. ती मी उघडली तर ती जुन्याहून जुनी निघाली, नवी व्यवस्था येण्याआधीची शेवटची चार वर्षं तिच्यात नव्हतीच, आणि तो रिपोर्ट त्यातलाच होता. प्रत घेण्याचं काम कधी थांबलं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोन दिवस मी आणि बाहेरून बोलावलेला एक जण तबकडी खरवडत होतो. काही तुकडे मिळाले, त्यांवर अर्धी नावं. त्या देवगावच्या माणसाला पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी सांगितलं की रिपोर्ट सापडत नाही. सापडत नाही, असंच म्हणाले. पुसला गेला, असं म्हणाले नाही. तो म्हणाला, “मंग आता पुन्हा सुई टोचनार का तिला?” मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. तो दोन्ही हातांनी नमस्कार करून गेला.

आठवड्यानं चौकशी बसली. अधीक्षक साहेब, प्रशासनाच्या बाई आणि ट्रस्टचे एक वकील. आम्हा दोघांना एकत्रच बोलावलं होतं, शेजारी शेजारी खुर्च्या. काकांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि वही मांडीवर ठेवली होती. साहेबांनी विचारलं, हा हुकूम तुम्ही दिलात का. काका म्हणाले, व्हय. का दिलात? काका म्हणाले, “नेहमी तोच देतो, साहेब. मला वाटलं इथं पन तेच असंल.” फोनचा विषय त्यांनी काढला नाही. वही उघडली नाही.

मी वाट बघत होते. आता सांगतील, मग सांगतील. त्यांनी सांगितलं की मी लगेच ‘हो’ म्हणणार होते, असं मी मनाशी घोकत होते. स्वतःहून मात्र माझी जीभ उचलेना. घरी मुलीची बारावी होती, नवऱ्याची कंपनी वाळूजहून हलणार म्हणून बोललं जात होतं. ही कारणं मला त्या खोलीत सुचली, आधी नाही. साहेब म्हणाले, “काही सांगायचंय आणखी?” मी फायलीत मान घालून बसले होते. कुणीच बोललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा कुणी बोललं नाही.

मग वकिलांनी मला विचारलं, तांत्रिकदृष्ट्या तुमचं मत काय. मी म्हणाले, “प्रत्येक प्रणालीत एकाच शब्दाचा अर्थ वेगळा असू शकतो. हुकूम देण्याआधी तो वाचून घ्यायला हवा.” हे खरं होतं, अक्षरन् अक्षर खरं होतं. इतकं खरं बोलून इतकं वाईट मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

मेमो नाही मिळाला काकांना. सरळ कामावरून कमी केलं. पत्रात ‘गंभीर निष्काळजीपणा’ असे शब्द होते. माझ्याबद्दल प्रत घेण्याच्या कामात सुधारणा करावी, अशी एक ओळ होती. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, किल्ल्या ठेवल्या, “येतो मॅडम” म्हणाले. मी “या काका” म्हणाले. नारळ नाही, शाल नाही, चहासुद्धा नाही. त्यांच्या जागी आलेला माणूस इंजिनिअर आहे. तो डिस्ट्रॉय लिहिताना थांबत नाही, आणि मी दर वेळी त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहते.

सात महिने मी फुलंब्रीला गेले नाही. दर रविवारी जाईन म्हणायचे आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. शेवटी मुलीची परीक्षा संपली आणि सांगायला कारण उरलं नाही.

काका घरापुढच्या सावलीत बसून बियाण्याचं अद्रक निवडत होते. सडलेलं एका बाजूला, चांगलं एका बाजूला. मला बघून उठले, आतून खुर्ची आणवली, काकू पाणी देऊन चहा ठेवायला गेल्या. आम्ही उन्हाबद्दल बोललो. दवाखान्याबद्दल बोललो. मग त्यांनी विचारलं, “मॅडम, त्या देवगावच्या बाईचं काय झालं हो?”

मला माहीत नव्हतं. मी चौकशीच केली नव्हती. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा अद्रक हातात घेतलं.

मी म्हणाले, “काका, त्या दिवशी फोनवर मीच सांगितलं होतं.”

“व्हय.”

“मग तुम्ही कमिटीसमोर बोलला का नाहीत? फोनमध्ये नंबर होता, वेळ होती, सगळं निघालं असतं. माझं नाव का नाही घेतलंत?”

घरून निघाल्यापासून मी एक उत्तर गृहीत धरून आले होते. ते म्हणतील, तुमच्या पोरीकडं बघून गप्प बसलो. म्हणतील, माझं काय, आठ महिनेच उरले होते. मी रडेन, ते समजूत घालतील. एवढं सगळं मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं होतं.

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, आश्चर्यानं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला एवढं कसं कळलं नाही, तसं.

“मला वाटलं तुम्ही सांगताल,” ते म्हणाले. “तुम्ही शेजारीच बसला होता की. मोठ्या साहेबांम्होरं आपल्याच मॅडमचं नाव आपन कामून घ्यावं? त्या सांगतील त्यांचं त्या. साहेबांनी दोनदा इचारलं. दोन्ही बारीला म्या तुमच्याकडं पाह्यलं, आन् थांबलो.”

काकू चहा घेऊन आल्या. मी कप हातात धरला, आणि तेव्हा फायलीत घातली होती तशी तिथंही कपात मान घालून बसले.